गोड धुराचा माल आणि आपला गल्ला

रोशनगेट भागात पान-सिगारेट आणि किरकोळ जनरल मालाचे दुकान चालवणारे आमचे एक वाचक गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांच्याकडे मोटारसायकलवर एक मुलगा माल घेऊन आला होता. पेनाएवढ्या रंगीत नळ्या, कुणावर आंब्याचे चित्र, कुणावर टरबूज, कुणावर पुदिन्याचे पान. नगामागे सुटणारा नफा पान-सिगारेटीच्या चौपट. "आठ दिवस ठेवा, नाही खपला तर परत नेतो," असे तो म्हणाला होता. वाचकांनी माल ठेवून घेतला नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. आम्हांला त्यांनी साधा प्रश्न केला : "भाईसाब, यात तंबाखू नाही, धूर नाही, नुसती वाफ आहे म्हणतात. मग अडचण काय?"

अडचण मोठी आहे, आणि ती केवळ पानवाल्यांची नाही. मोबाइलचे सामान विकणारे, भेटवस्तूंचे दुकानदार, पार्सल वाहणारे ट्रान्सपोर्टवाले, गाळा किंवा गोदाम भाड्याने देणारे मालक या सर्वांपर्यंत ती पोहोचते. म्हणून या आठवड्याच्या पाठात हाच विषय घेतला आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. या नळीत एक बॅटरी असते, एक बारीक तारेचे वेटोळे असते आणि थोडे द्रव असते. बॅटरीने तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ओढणारा ती छातीत घेतो. द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन असते, त्यात निकोटिन आणि वासासाठी अर्क मिसळलेले असतात. निकोटिन म्हणजे तंबाखूतले तेच व्यसन लावणारे द्रव्य. पूर्वीच्या यंत्रांत ते घशाला लागत असे. पुढे निकोटिनचे क्षार वापरण्याची युक्ती निघाली आणि घशाला ओरखडा न येता जास्त निकोटिन पोटात, म्हणजे रक्तात, जाऊ लागले. अमेरिकेत २०१५ साली बाजारात आलेल्या जूल या कंपनीच्या एका छोट्या कुपीत साधारण वीस सिगारेटींच्या पाकिटाइतके निकोटिन असते, असे कंपनी स्वतःच सांगत होती. सिगारेट ओढणारा मुलगा खोकतो, त्याच्या कपड्यांना वास येतो, घरी पकडला जातो. इथे खोकला नाही, वास आंब्याचा.

आता वासाबद्दल. आपल्या लोकांना वासाचा धंदा शिकवण्याची गरज नाही. केवडा, गुलाब, वेलची, गुलकंद यांवर आपल्या शहराचे पान उभे आहे, आणि चांगल्या पानासाठी लोक रात्री गाडी काढून उस्मानपुऱ्यात तारा पानवर जातात. तेव्हा वास म्हणजे पाप, असे आम्ही म्हणणार नाही. पण जी गोष्ट जिभेला चालते ती छातीला चालतेच असे नाही, हा फरक ध्यानात घ्यावा. लोण्याचा वास देणारे डायसिटिल नावाचे द्रव्य खाण्यात अनेक वर्षे वापरले जात होते. २००० साली अमेरिकेच्या मिसुरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातले कामगार फुफ्फुसाच्या असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले, तेव्हा कळले की तापलेल्या डायसिटिलची वाफ रोज छातीत गेल्याने हे झाले. लाह्या खाणाऱ्यांना काही झाले नाही. लाह्या करणारे कारागीर गेले. कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आता कायदा. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून देशात ई-सिगारेट पूर्णपणे बंद केली. त्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकारांना जी माहिती दिली तीत चारशेवर ब्रँड आणि दीडशेवर वास यांचा उल्लेख होता, आणि यांतला एकही ब्रँड भारतात तयार होत नाही असेही त्यांनी सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याच वर्षी मे महिन्यात संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने अध्यादेशाच्या जागी कायदा केला. तो आजही लागू आहे.

या कायद्याची व्याख्या व्यापाऱ्याने दोनदा वाचावी. एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन म्हणजे ई-सिगारेट, मग त्यात निकोटिन असो वा नसो, वास असो वा नसो, नाव काहीही असो, आकार काहीही असो. ई-हुक्का त्यात आहे. तंबाखू न जाळता तापवणारी साधनेही त्यात आहेत. औषध म्हणून रीतसर परवाना असलेली वस्तू तेवढी बाहेर. म्हणजे माल घेऊन येणारा मुलगा "यात निकोटिन नाही, डबीवर लिहिले आहे बघा" असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत असेल किंवा खरे बोलत असेल, दोन्ही वेळा गुन्हा तोच.

बनवणे, आणणे, पाठवणे, वाहून नेणे, विकणे, वाटणे, जाहिरात करणे, सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ऑनलाइन विक्रीही याच कलमात येते. मोबाइलवर ऑर्डर घेऊन "मागवून देतो" म्हणणारा दुकानात एक नगही ठेवत नसला तरी तो विक्रेताच ठरतो.

ज्या कलमाकडे आमच्या मते सर्वांत कमी लक्ष जाते ते साठ्याचे. ज्याच्या मालकीची, ताब्यातली किंवा वापरातली जागा आहे, त्याने जाणूनबुजून ती ई-सिगारेटच्या साठ्यासाठी वापरू दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्याकडे गाळ्याचा व्यवहार बहुधा ओळखीवर होतो. चुलतभावाच्या मित्राला माळा दिला, त्याने "मोबाइलचे सामान" म्हणून खोकी आणून टाकली, आपण विचारले नाही. कायद्यात "जाणूनबुजून" हा शब्द आहे हे खरे. पण आपल्याला माहीत नव्हते हे दाखवायला कोर्टाच्या तारखा घालवाव्या लागतात, आणि त्या तारखांना दुकान बंद राहते. म्हणून भाडेचिठ्ठीत कोणता माल ठेवणार हे लिहून घ्यावे, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी बिलटीवर मालाचे नाव नीट लिहिल्याखेरीज पार्सल उचलू नये.

ओढणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. सगळा भार विकणाऱ्यावर आणि साठवणाऱ्यावर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये खुद्द लोकसभेत एक सदस्य ई-सिगारेट ओढतो, अशी तक्रार दुसऱ्या सदस्याने अध्यक्षांसमोर केली होती. तिथे काय व्हायचे ते होईल. टपरीवाला सापडला तर त्याला उभे राहून बाजू मांडायला सभागृह मिळणार नाही.

इथे काही वाचक विचारतील, आणि ते बरोबरच विचारतील, की सिगारेट चालते, बिडी चालते, मग ही नळीच का बंद? हा वाद आपल्याकडचा नाही, जगभरचा आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना वजन आहे.

एक बाजू इंग्लंडची. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने २०१५ साली असे मत दिले की सिगारेटच्या तुलनेत ही वाफ सुमारे ९५ टक्के कमी घातक असावी. त्या आकड्यावर पुष्कळ टीका झाली. पण धोरण तेच राहिले की सिगारेट सुटत नसेल त्या प्रौढाला ही नळी घेऊ द्यावी, १८ वर्षांखाली विकू नये आणि निकोटिनवर मर्यादा ठेवावी. ती मर्यादा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे म्हणणे फेटाळून लावण्यासारखे नाही. पण मग एकदा वापरून फेकायच्या रंगीत, गोड, स्वस्त नळ्या आल्या आणि त्या शाळकरी मुलांच्या दप्तरांत गेल्या. शेवटी १ जून २०२५ पासून इंग्लंडला अशा फेकायच्या नळ्यांची विक्री बंद करावी लागली.

दुसरी कहाणी अमेरिकेची, आणि व्यापाऱ्याने शिकण्यासारखे तिच्यात जास्त आहे. तिथे २००९ सालच्या कायद्याने मेंथॉल सोडून बाकी सर्व वासांच्या सिगारेटी बंद झाल्या होत्या. ई-सिगारेटचे वास मात्र मोकळे राहिले. २०१९ मध्ये तिथल्या वरच्या वर्गांतल्या शंभर विद्यार्थ्यांपैकी २७ जण महिन्याभरात ई-सिगारेट ओढल्याचे सरकारी पाहणीत सांगत होते. त्याच वर्षी फुफ्फुसाच्या एका विचित्र आजाराने लोक इस्पितळात दाखल होऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले बहुतेक गांजाच्या अर्काच्या चोरट्या कुप्यांमुळे होते, त्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाचे तेल मिसळलेले होते. हा तपशील आम्ही मुद्दाम देतो, कारण आपल्याकडे ही आकडेवारी सगळ्याच नळ्यांच्या नावावर खपवली जाते. तसे करणे बरोबर नाही. खरे कारण अधिक बोलके आहे : चोरट्या मालात काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हते.

मग अमेरिकी सरकारने २०२० च्या आरंभी फळांच्या आणि मिठाईच्या वासाच्या कुप्या बंद केल्या, पण हा नियम फक्त बदलत्या कुपीच्या यंत्रांना लावला. एकदा वापरून फेकायच्या नळ्यांना तो लागला नाही. महिन्याभरात बाजार तिकडे वळला. दार बंद केले, खिडकी उघडी ठेवली. हळूहळू कडक तपासण्या झाल्या, विक्रीचे वय २१ झाले, आणि २०२४ मध्ये वरच्या वर्गांतले प्रमाण शंभरात आठपर्यंत खाली आले. पण ओढणाऱ्या मुलांपैकी शंभरात सुमारे ८८ जण तेव्हाही वासाचाच माल ओढत होते. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोड वासाच्या द्रवांना परवानगी नाकारणाऱ्या सरकारी खात्याची बाजू एकमताने उचलून धरली.

आमचे मत विचाराल तर मोठ्या माणसाच्या सिगारेट सोडण्याचा प्रश्न खरा आहे, पण त्यासाठी टरबुजाच्या वासाची गरज पडते हे आम्हांला पटत नाही. टरबूज कुणासाठी असते ते दुकानदाराला गल्ल्यावर बसून बरोबर कळते. मात्र सरकारच्या भूमिकेत विसंगती आहे, हेही लपवू नये. ज्या सिगारेटने माणसे मरतात हे निर्विवाद आहे ती परवान्याने विकली जाते, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळाचे पैसे गुंतलेले आहेत. असो.

वासाचा हा वाद आपल्याला नवा वाटतो, पण महाराष्ट्राने तो गुटख्याच्या रूपाने आधीच पाहिला आहे. त्यात आपल्या शहराच्या न्यायालयाचे नाव कायमचे जोडले गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

राज्याने २००२ साली प्रथम गुटखा बंद केला. गोदावत पान मसाला कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००४ मध्ये ती बंदी रद्द केली. जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात राज्याच्या अधिकाऱ्याला असा कायमचा अधिकार नाही, असे कारण दिले. व्यापारी खूश झाले. पण २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि २०११ च्या नियमांत एक ओळ आली की कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही. त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा व पानमसाला पुन्हा बंद केला, आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा यांचाही त्यात समावेश केला. हा आदेश एका वेळी एक वर्षापुरताच काढता येतो, म्हणून तो वर्षानुवर्षे नव्याने निघत आला. "मुदत संपली, आता चालतो" असे सांगून माल गळ्यात मारणारे एजंट दर पावसाळ्यात फिरतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडपुडी काढण्याची पळवाटही जुनी झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही बंदीत धरण्यास सांगितले.

आता आपल्या न्यायालयाचा प्रश्न. गुटख्यासह पकडलेल्या दुकानदारावर पोलीस अन्न सुरक्षा कायद्याबरोबर भारतीय दंड विधानाची कलमेही लावत, त्यांत कलम ३२८ सुद्धा. हे कलम विष देण्याचे आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने म्हटले की अन्न कायदा असताना दंड विधानाची ही कलमे लावता येणार नाहीत. अनेकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. राज्य सरकार वर गेले, आणि २० सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरवला : एकाच कृत्यासाठी दोन कायद्यांखाली खटला चालण्यास आडकाठी नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातून आलेल्या दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने भेसळीच्या २७२ आणि २७३ या कलमांपुरते सांगितले की अन्न कायदा वरचढ राहील. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, आणि विषाचे कलम तिथे १२३ या आकड्याने आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की बंदीच्या मालात नफा किती आणि धोका किती हे दुकानदार दंडाच्या रकमेवरून मोजतो, आणि तो हिशेब चुकतो. कोणते कलम लागणार हे त्याला माल घेताना माहीत नसते. ते वरच्या न्यायालयात ठरते, तेही काही वर्षांनी.

सिगारेट-बिडी विकणाऱ्यांसाठी उरलेले नियम थोडक्यात. १८ वर्षांखालील मुलाला विकू नये, त्याच्या हातून विकूही नये, आणि तशी पाटी दुकानात लावावी. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत तंबाखूचा माल विकता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकणेही बंद केले. तो नियम किती पाळला जातो ते सर्वांना दिसते, पण कारवाई करायची असते तेव्हा तोच पहिला काढला जातो. सिगारेट कायद्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे म्हणून काहीजण हसतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखूचा माल देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हुक्का पार्लरचे तर २०१८ पासून राज्यात संपलेच. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आगीत १४ माणसे गेली, त्यानंतर ही दुरुस्ती झाली आणि तीत एक ते तीन वर्षे कैद लिहिली गेली.

कारखानदार आणि कारागीर बंधूंसाठी एक गोष्ट. आपल्या वेल्डिंगच्या, फर्निचरच्या, जरीच्या कारखान्यांत कोवळ्या वयाची मुले शागिर्द म्हणून बसतात. उस्ताद मावा खातो, मुलाला आणायला पाठवतो, पोरगा वाटेत चिमूट तोंडात टाकतो. तंबाखू मकरूह की हराम हा उलेमांच्या चर्चेचा विषय आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण आपल्याच शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक तास बसून पाहावे. सुपारीने ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही असा माणूस पंचविशीतला असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी २४ जण चघळायची तंबाखू घेत होते आणि ओढणारे चारांहूनही कमी होते. आपल्या घरातले संकट अजून पुडीचे आहे, नळीचे नाही. नळी पुडीच्याच वाटेने येते आहे, एवढेच.

रोशनगेटचे आमचे वाचक हे सर्व ऐकून घेत होते. मग त्यांनी जे सांगितले ते त्यांनी आधी सांगितले नव्हते. माल घेऊन मुलगा आला तेव्हा दहावीत शिकणारा त्यांचा चिरंजीव गल्ल्यावर बसला होता. डबी पाहून तो म्हणाला, "अब्बा, हा आंबेवाला नको घेऊ, सगळे मिंटवाला मागतात." वडिलांनी विचारले, सगळे म्हणजे कोण? तो गप्प झाला.

"त्या रात्री मला झोप आली नाही," ते म्हणाले. "दुकानाचे भाडे तीन महिने थकले आहे, हेही खरे."

भाड्याला उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. मालकाला भेटून हप्ते पाडून घेण्याबद्दल बोललो, काचेच्या कपाटातली सिगारेटची फळी कमी करून तिथे तंबाखूविना पान, गुलकंद आणि थंड पेये ठेवल्यास काय निघेल याचा कागदावर हिशेब केला. नळीच्या नफ्याच्या निम्म्यालाही तो पोहोचला नाही. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या जुम्याला माल घेऊन येणारा मुलगा पुन्हा येणार होता. तो आला, आणि आमच्या वाचकांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवले असे त्यांनी फोनवर कळवले. चिरंजीव मात्र अजून बोललेला नाही. त्याच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटण्याचे ठरले आहे.